मूळ प्रत आणि पाठभेद : रस्त्यावरच्या जुन्या मोटारींचे वाचन

1

गेल्या वर्षी श्रावणात, एका शनिवारी सकाळी, पुण्यात टिळक रस्त्यावरच्या सिग्नलला आमच्या शेजारी एक फियाट येऊन थांबली. मागच्या खिडकीतून केळीचे खुंट बाहेर आले होते. टपावरच्या कॅरिअरला पाट आणि चौरंग दोरीने आवळून बांधले होते. कुठेतरी सत्यनारायण असणार. मी सवयीने गाडी वाचायला लागलो. नंबर तीन अक्षरांचा, म्हणजे नोंदणी 1989 च्या आधीची. सांगाडा डिलाइटच्या काळातला, पुढची जाळी मात्र बऱ्याच नंतरच्या पद्मिनीची. उजवा आरसा मारुती 800 चा. मागचे इंडिकेटर रिक्षाचे. सिग्नल सुटताना चालकाने हात खाली नेऊन गिअर टाकला, तेव्हा कळले की मुळात स्टेअरिंगच्या दांड्यावर असलेला गिअरही कधीतरी खाली आणलेला आहे. एका गाडीत तीन-चार दशके एकत्र बसली होती.

माझ्याबरोबर जुन्या मोटारींतले एक जाणकार मित्र होते. त्यांनी एकदाच मान वळवून पाहिले आणि म्हणाले, "ओरिजिनल काहीच राहिलं नाही. वाया घालवलीये गाडी."

'वाया' हा शब्द मला खटकला. ती गाडी त्या घटकेला कामावर निघाली होती. मित्रांच्या मते ज्या वाया गेल्या नव्हत्या, त्या गाड्या त्या सकाळी शहरात जिथे कुठे होत्या तिथे कापडाखाली झाकलेल्या होत्या. हा लेख म्हणजे त्या एका वाक्याला, जरा उशिरा, दिलेले उत्तर आहे. आपण जुन्या मोटारींबद्दल कसे बोलतो, त्यांचे मोल कशावरून ठरवतो आणि त्या ठरवण्यात काय गळून पडते, याची ही चिकित्सा आहे. उत्तर देण्याचा मला पूर्ण अधिकार आहे असे मात्र नाही. का नाही, ते पुढे सांगतो.

2

1986 पासून मी एक वही ठेवत आलो आहे. आता अशा सात वह्या झाल्या. रस्त्यात वेगळी गाडी दिसली की तारीख, जागा, नंबर, रंग आणि 'काय बदललेले आहे' एवढे लिहायचे. हा नाद जगभर आहे आणि ब्रिटनमध्ये तर त्याला शिस्तही आहे. इयन ॲलन यांनी 1942 मध्ये रेल्वे इंजिनांच्या क्रमांकांची पुस्तिका काढली आणि इंजिन दिसले की क्रमांकाखाली रेघ मारायची सवय मुलांच्या पिढ्यांना लागली. 1955 मध्ये मोटारींचे 'ऑब्झर्व्हर्स बुक' आले. त्या परंपरेत यादी आधी असते आणि पाहणारा ती पुरी करत जातो. त्याचा आनंद मॉडेल ओळखण्यात असतो, कारण रस्त्यावर शेकडो मॉडेले असतात.

आपल्याकडे तशी यादी होऊच शकत नव्हती. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जोडायला सुरुवात केली होती, फोर्डचाही इथे कारभार होता. पण 1953 मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितले की नुसती जोडणी करणाऱ्यांनी एक तर देशात निर्मिती करावी, नाही तर थांबावे. दोघांनीही काढता पाय घेतला. त्यानंतर तीसेक वर्षे सामान्य माणसाच्या नजरेत मोटारी म्हणजे प्रामुख्याने तीन. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड. ॲम्बॅसडर ही मुळात मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका. 1957 च्या सुमारास ती इथे आली आणि 2014 पर्यंत निघत राहिली. या सगळ्या काळात तिची आकृती जवळजवळ तीच राहिली.

जिथे मॉडेले तीनच, तिथे 'वेगळी गाडी' म्हणजे काय? तिथे वेगळेपण मॉडेलमध्ये नसते, फरकात असते. म्हणून आपल्याकडचा मोटारी पाहणारा माणूस वेगळ्या डोळ्याने पाहायला शिकला. ॲम्बॅसडरच्या जाळीवरून मार्क ओळखायचा. फियाटची एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट अशी वंशावळ मागच्या दिव्यांवरून लावायची. 'डुक्कर फियाट' लांबूनच कळे. तिचे गोलमटोल अंग दिसे आणि पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे पुढच्या कडेने, उघडत. हे टोपणनाव कुठल्याही कंपनीने दिलेले नाही, रस्त्याने दिले. 'टेम्पो' हा शब्दही तसाच. हॅम्बुर्गच्या एका कारखान्याचे ते व्यापारी नाव होते. 1958 पासून बजाज टेम्पोने तीन चाकी हान्सिअट इथे आणली आणि पुढे मराठीत माल वाहणारी कोणतीही छोटी गाडी टेम्पो झाली. जर्मनीतल्या मूळ कंपनीचा मागमूस राहिला नाही, पण आपल्याकडे आजही घर बदलायचे म्हटले की आधी टेम्पो सांगतात.

नंबर प्लेट हीसुद्धा नोंद असते. नव्या मोटार वाहन कायद्यानंतर, 1989 पासून, एमएच-12 सारखे क्रमांक आले. त्याआधीची तीन अक्षरे ज्याला वाचता येतात त्याला गाडी कुठल्या गावातून निघाली ते कळते. माझ्या दुसऱ्या वहीत पणजीजवळची एक नोंद आहे : जीडीने सुरू होणारा नंबर, मर्सिडीज, डिझेल, टॅक्सी. उरलेल्या भारतात आयातीवर कडक बंधने असताना पोर्तुगीज अमदानीतल्या गोव्यात ती तशी नव्हती. त्यामुळे 1961 नंतरही कित्येक वर्षे मुंबईत श्रीमंताच्या दारात जी दिसायची ती गाडी गोव्यात भाडे मारताना दिसे. इतिहासाच्या पुस्तकात दोन राज्यांचे आयात धोरण शोधावे लागते, रस्त्यावर ते एका टॅक्सीत बसून पाहता येत होते.

रोलाँ बार्थ यांनी 1955 च्या पॅरिस प्रदर्शनातल्या नव्या सित्रोएन डीएसवर एक निबंध लिहिला. तो 'मिथॉलॉजीज'मध्ये 1957 साली आला. मोटारीला गंभीरपणे वाचणाऱ्या लेखनात तो अजूनही पहिला आठवतो. त्यात त्यांचे लक्ष ज्या गोष्टीने वेधले ती म्हणजे गुळगुळीतपणा, जोड न दिसणे. कुणा माणसाचा हात लागलाच नाही अशी ती वस्तू आकाशातून उतरल्यासारखी त्यांना वाटली. निबंध नव्या गाडीवर होता, म्हणून ते बरोबरच होते. पण जुन्या, वापरातल्या गाडीचे वाचन नेमके उलटे करावे लागते. तिथे जोडच पाहायचे असतात. हात कुणाकुणाचे लागले, हाच तिथे मजकूर असतो.

3

आता प्रतिष्ठित भाषेकडे येऊ. जुन्या मोटारींविषयी आज जे लिहिले-बोलले जाते त्याचा मुख्य शब्द 'व्हिंटेज' आहे आणि त्याच्या मागे दोन कसोट्या उभ्या आहेत. गाडी मूळ स्वरूपात हवी आणि तिच्या मागे नाव हवे. संस्थानिकाची रोल्स-रॉइस, एखाद्या नटाची कन्व्हर्टिबल. रॅलीच्या बातम्या वाचा. गाडीचे साल, मालकाचे घराणे आणि पूर्ववत करण्यासाठी परदेशातून मागवलेले सुटे भाग एवढे सगळे असते. मधली साठ वर्षे ती कुणी चालू ठेवली, हे बहुधा नसते.

संग्राहकांचे ऋण नाकारण्याचा माझा हेतू नाही. अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांनी जमवलेला संग्रह पाहिल्यावर लक्षात येते की एका माणसाने वेड घेतले नसते तर यातल्या कितीतरी गाड्या पत्र्याच्या भावाने गेल्या असत्या. दिल्लीची 'स्टेट्समन'ची रॅली 1964 पासून आहे. या लोकांनी जुनी गाडी हा जपण्याचा विषय आहे हे आपल्याला शिकवले.

पण ज्या कसोट्या संग्रहासाठी ठीक होत्या त्या आता कायद्यात आल्या आहेत. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेली, खासगी वापराची, मूळ स्वरूपात राखलेली आणि मोठे फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. एकसारखी व्यवस्था आली हे चांगलेच झाले. मात्र त्याच नियमांत अशीही अट आहे की ही गाडी रस्त्यावर नेहमीच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे, दुरुस्ती यांसाठी ती बाहेर काढता येते.

म्हणजे या व्याख्येत जपणूक आणि वापर हे परस्परांचे शत्रू ठरले. गाडी बदललेली असेल तर ती वारसा नाही, आणि वारसा ठरली तर ती चालायची नाही. केळीचे खुंट नेणारी फियाट दोन्हीकडून बाद. शिवाय मध्ये एक मोठी दरी आहे. कॉन्टेसा 1984 ची. तिला 50 वर्षे 2034 मध्ये होतील. बंगळूरची सिपानी डॉल्फिन, स्टँडर्ड 2000, पहिल्या खेपेच्या मारुती या सगळ्या ऐंशीच्या दशकातल्या. वारसा ठरण्यापुरत्या त्या जुन्या नाहीत आणि भंगार ठरण्यापुरत्या केव्हाच जुन्या झाल्या आहेत. या दरीत ज्या गाड्या पडतात त्यांच्यासाठी आपल्याकडे शब्दच नाही, आणि ज्याला शब्द नाही ते आधी मोडीत निघते.

प्रदूषण आणि सुरक्षितता यांचे मुद्दे खरे आहेत. साऱ्या जुन्या गाड्या रोज रस्त्यावर धावाव्यात अशी माझी मागणी नाही. माझी हरकत मूल्यमापनाला आहे. गाडी थांबवावी लागली तरी तिचे वाचन 'ओरिजिनल काही नाही' या वाक्यावर थांबू नये.

कोल्हापुरात एक वेगळे उदाहरण दिसते. छत्रपती घराण्याची मेबॅक ही देशातल्या दुर्मीळ मोटारींपैकी. पण ती दसऱ्याला बाहेर येते, छत्रपतींना घेऊन दसरा चौकात जाते. लोक तिला प्रदर्शनातली वस्तू म्हणून पाहत नाहीत, दसऱ्याची गाडी म्हणून पाहतात. वर्षातून एक दिवस का होईना, तिला काम आहे. माझ्या वहीत मेबॅकचे साल नाही, 'सोने लुटायच्या आधी आली' एवढेच लिहिलेले आहे.

4

ही सगळी चर्चा मराठी वाचकाला अनोळखी नाही. मोटारींऐवजी पोथ्या म्हणा, की आपण ओळखीच्या अंगणात येतो.

एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तोवरच्या पावणेतीनशे-तीनशे वर्षांत लेखकूंच्या हातून पाठ बिघडले होते, ओव्या घुसल्या होत्या. नाथांनी प्रती ताडून पाठ निश्चित केला आणि पुढे यात कुणी आपली भर घालू नये असे बजावले. त्या कामाचे मोल मोठे आहे. तरी आजच्या अभ्यासकाला एक हुरहुर राहतेच : नाथांनी जे काढले ते काय होते? ते पाठ म्हणजे त्या तीन शतकांत ज्ञानेश्वरी कुणी, कुठे, कशी वाचली याचा पुरावा होता.

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने या प्रश्नाला दुसरे उत्तर दिले. 1919 ते 1966 एवढा काळ चाललेल्या त्या कामात बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडली गेली. संपादकांनी वर एक संहिता छापली आणि रेघेखाली पाठभेद दिले, प्रक्षिप्त ठरलेले भागही परिशिष्टात ठेवले. संहिता म्हणून जे वर छापले तसेच्या तसे कुठल्याही एका पोथीत नाही, असा आक्षेप तिच्यावर घेता येतो. पण रेघेखाली पाहायची सोय असल्यामुळे तो आक्षेप घेणाऱ्यालाही साहित्य त्याच आवृत्तीतून मिळते.

गाडी 'रिस्टोअर' करणारा कारागीर पहिल्या प्रकारचा संपादक असतो. तो मूळ पाठाकडे जातो आणि मधले पाठ नष्ट करतो. रिक्षाचे इंडिकेटर काढून फेकतो, पत्रा खरवडून पाच रंगांचे थर उडवतो. उरते ती एक शुद्ध संहिता आणि खाली कोरी जागा. गंमत अशी की ती संहिताही बऱ्याचदा काल्पनिक असते. आज रॅलीत येणाऱ्या फियाटचा रंग आरशासारखा असतो, दरवाज्याच्या फटी एकसारख्या असतात. कुर्ल्याच्या कारखान्यातून अशी गाडी निघाल्याचे ज्यांनी त्या काळी नवी गाडी घेतली त्यांच्यापैकी कुणी सांगत नाही. नवी गाडी घरी आली की आधी मिस्त्रीकडे नेऊन कसून घ्यायची, अशीच रीत होती.

परदेशातही ही जाणीव उमटू लागली आहे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची ट्युरिन सनद इमारतींच्या जतनासाठी 1964 मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर केलेली आहे. पूर्ववत करण्यापेक्षा आहे ते राखण्याकडे आणि वापराच्या खुणांचा मान ठेवण्याकडे तिचा कल आहे. आपल्याकडे तर हे अधिक लागू पडते. जिथे सुटा भाग मिळत नव्हता तिथे तो लेथवर करून घ्यावा लागे. ॲम्बॅसडरमध्ये पुढे कंपनीनेच इसुझूचे इंजिन बसवले. मुंबईच्या टॅक्सींच्या डिकीत न्यायालयाच्या आदेशांनंतर सीएनजीच्या टाक्या आल्या आणि प्रवाशांचे सामान टपावर गेले. आपल्या मोटारींच्या इतिहासात बदल हाच मुख्य प्रवाह आहे. 'बदल नसलेली गाडी' ही या इतिहासात अपवाद आहे, आणि आपण अपवादालाच नियम करून बसलो.

5

1958 साली दोन चित्रपट आले आणि दोन्हींत एक म्हातारी मोटार होती. मुंबईत सत्येन बोस यांचा 'चलती का नाम गाडी', कलकत्त्यात ऋत्विक घटक यांचा 'अजांत्रिक'. एकात गॅरेज चालवणारे तीन भाऊ आणि हसू, दुसऱ्यात छोटानागपूरच्या वाटांवर एकटा टॅक्सीवाला आणि त्याची जगद्दल. इतके वेगळे दोन चित्रपट, पण गाडीकडे पाहण्याचा पाया एकच : ही चालते का? पहिल्याचे तर नावच व्याख्या आहे. जी चालते तिला गाडी म्हणावे. 2021 च्या नियमाशेजारी हे नाव ठेवून पाहिले की साठ-पासष्ट वर्षांत आपण कुठून कुठे आलो ते कळते.

'अजांत्रिक' अधिक खोल जातो. सुबोध घोष यांच्या कथेवरचा हा चित्रपट अनेकदा माणूस आणि यंत्र यांच्या प्रेमाची कथा म्हणून वाचला जातो. मला त्यात एक वेगळी जागा महत्त्वाची वाटते. बिमल शेवटी साठवलेले पैसे घालून जगद्दलला नवे भाग बसवतो. गाडी आता बरी व्हायला हवी. तो तिच्यात दगड भरून तिची परीक्षा घेतो, आणि ती मोडते. जुन्या तडजोडींवर जी इतकी वर्षे चालली, ती नव्या भागांवर चालत नाही. भंगारवाला तिचे तुकडे नेतो. मागे एक लहान मूल तिचा भोंगा वाजवते आणि बिमलच्या चेहऱ्यावर हसू येते. गाडी संपते, पण तिचा एक सुटा भाग कुणाच्या तरी हातात कामाला लागलेला असतो. सुटा भाग फिरत राहणे हीच आपल्याकडच्या गाड्यांच्या पुनर्जन्माची रीत होती. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगार गल्ल्यांत ज्याने एखादा कार्बोरेटर शोधला असेल त्याला घटकांचा तो शेवट प्रतीक वाटणार नाही, तपशील वाटेल.

6

आता अधिकाराचा प्रश्न. आमच्या घरी 1968 ची डिलाइट होती. वडिलांनी ती 1979 मध्ये दुसऱ्या हाताची घेतली. वडील उंचीने कमी, त्यांचा पाय क्लचवर पुरा पोचत नसे. आमच्या मिस्त्रींनी क्लचच्या पेडलवर इंचभर जाडीचा लोखंडी तुकडा बसवला आणि त्यावर टायरचे रबर ठोकले. वायपरचा मूळ खटका जळाल्यावर त्यांनी घरातल्या पंख्याचा पितळी खटका डॅशबोर्डखाली लावला. आईसाठी पुढे एक आकडा होता, त्याला भाजीची पिशवी अडकवायची. मी गाडी शिकलो ती त्या पेडलवर. माझे पाय लांब, त्यामुळे गुडघा स्टेअरिंगला लागायचा आणि वडील म्हणायचे, "तुझ्या मापाची घे तेव्हा घे, ही माझ्या मापाची आहे."

ते गेल्यावर 2011 मध्ये मी गाडी पूर्ववत करायला दिली. काम करणाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे सगळे चोख केले, दोष त्यांचा नाही. त्यांनी विचारले होते, "जुना माल काय करायचा?" मी म्हणालो, "फेकून द्या." आठ महिन्यांनी गाडी आली ती अशी की शेजारी खाली उतरून बघायला आले. नंतर ती एका रॅलीत नेली. परीक्षकांनी दिव्यांच्या काचांवरचे शिक्के पाहिले, स्क्रूची डोकी एका चिरेची आहेत की अधिक चिन्हाची ते पाहिले आणि मला प्रशस्तिपत्र दिले.

घरी परतताना मी पहिल्यांदा तिच्यात एकटा होतो. क्लच दाबायला पाय उचलला, सवयीच्या जागी ठेवला, आणि पेडल तिथे नव्हते. ते इंचभर खाली होते. पाय मोकळ्यातून खाली जाऊन मग टेकला. सिग्नलला थांबल्यावर मी खाली वाकून पाहिले. नवे कोरे पेडल होते, कंपनीचे, बरोबर. वडिलांचे माप गाडीतून गेले होते, आणि ते मीच पैसे देऊन काढवले होते.

म्हणून टिळक रस्त्यावर मित्रांनी 'वाया' म्हटले तेव्हा मी गप्प बसलो. बारा-तेरा वर्षांपूर्वी ते वाक्य मी स्वतः म्हटले असते. आणखी एक गोष्ट सलते. त्या मिस्त्रींना सगळेच 'मिस्त्री' म्हणत. त्यांचे नाव मला कधी कळले नाही, मी विचारले नाही. माझ्या वह्यांत हजारावर गाड्यांचे नंबर आहेत, दुरुस्त करणाऱ्या माणसाचे नाव एकही नाही. वाचक म्हणून माझीही चूक तीच, जी मी रॅलीच्या बातम्यांत दाखवतो आहे.

7

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा असल्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून शहरात काळी-पिवळी पद्मिनी उरली नाही. त्या आठवड्यात खूप लिहिले गेले. एक तरी संग्रहालयात ठेवा, अशी मागणीही झाली. मागणी रास्त आहे. पण ठेवायची तर कशी? नव्याने रंगवलेली, टाकी काढलेली, सीटवर मूळ कापड चढवलेली? मग ती पद्मिनी असेल, टॅक्सी नसेल. टॅक्सी म्हणजे बाहेर डाव्या अंगाला असलेल्या लोखंडी मीटरची जागा, टपावरच्या कॅरिअरने पाडलेले चरे, डिकीतली टाकी, चालकाने स्वतःच्या आवडीने छताला लावलेले फुलाफुलांचे रेक्झिन, दाराच्या कडेला हजारो हातांनी उडालेला रंग. तिचा मजकूर तोच आहे.

संग्राहक, कारागीर आणि आपण पाहणारे, तिघांनाही करता येईल असे काही या विवेचनातून निघावे, म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवतो. गाडी उघडण्याआधी तिच्यात मूळचे नसलेले जे जे आहे त्याची यादी आणि छायाचित्रे करावीत. काढलेले भाग फेकू नयेत, एका खोक्यात गाडीबरोबर ठेवावेत. ती आपली रेघेखालची जागा. आणि बदल कुणी केला, कशासाठी केला हे विचारून नावानिशी लिहून ठेवावे. विचारायला वेळ थोडा आहे. स्टेअरिंगवरचा गिअर खाली आणणारे, लेथवर भाग करून देणारे हात आता सत्तरी-ऐंशीत आहेत आणि त्यांच्याकडे प्रशस्तिपत्रे नाहीत. ऐंशीच्या दशकातल्या ज्या गाड्या कायद्याच्या दरीत पडल्या आहेत त्यांच्यापासून सुरुवात करावी, कारण त्यांचे मिस्त्री अजून भेटण्यासारखे आहेत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईजवळ ती फियाट मला पुन्हा दिसली. यावेळी कॅरिअरवर झेंडूची पोती होती. चालक पाणी घालायला बॉनेट उघडून उभे होते, साठीच्या आसपासचे. मी त्यांना विचारले, "गिअर खाली कुणी आणून दिला हो?"

त्यांनी आधी मला नीट न्याहाळले. मग म्हणाले, "का? तुमची पण फियाट आहे का?"

मी म्हणालो, "आहे."

त्यांनी नाव सांगितले, पेठ सांगितली आणि म्हणाले, "पण आता त्यांना कमी ऐकू येतं, जरा मोठ्यानं बोला." मी वही काढून तिथेच लिहून घेतले. नंबराच्या खाली, रेघ मारून.